वर्दी कारखाना रस्त्यावरचा न झालेला संप

गिरिजाबाईंवर पहिला अन्याय झाला तो श्रावण शुद्ध षष्ठीला, म्हणजे नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पाळीच्या बाया कारखान्याच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा. हा जिल्हा तेव्हा आंध्र प्रदेशात होता आणि माझा जन्म व्हायचा होता. दुसरा अन्याय झाला गेल्या वर्षी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, गल्लीत बायांनी बतुकम्माचा, म्हणजे रचलेल्या फुलांभोवतीचा, फेर धरायच्या थोडं आधी. तेव्हा मी तिथं होते. दोन्ही वेळी शब्द एकच वापरला गेला: संप.

सुरुवात अशी करायची, हे मला कामानं शिकवलं. मी एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहिते. दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहिणारी माणसं बहुधा निवृत्त असतात. माझ्या कामाला पेन्शन नाही, तेव्हा निवृत्तीची वाट बघण्यात अर्थ नाही. हे काम बाहेरून सोपं दिसतं. पहिल्या ओळीत कोणावर काय गुदरलं आणि केव्हा, शेवटच्या ओळीत वाचणाऱ्यानं काय करायचं. मधला मजकूर होईल तितका कमी, कारण लोक उभ्यानं वाचतात आणि एका हातात पिशवी असते. आमच्याकडं एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू छापावं लागतं. एकदा घाईघाईत भीमपूरकडच्या एका खेड्यात नुसती तेलुगू पत्रकं गेली. पारावरच्या एका आजोबांनी कागद उलटून पाहिला, मागची बाजू कोरी. म्हणाले, "कागद तर चांगला हाय पोरी, पण आमच्यासंगं बोलून नाई राह्यला." शिवाय आठवडी बाजारात वाटलेलं पत्रक दुपारपर्यंत मिरची भज्यांखाली जातं. तेल लागल्यावरही पहिली ओळ वाचता आली पाहिजे एवढं मोठं अक्षर ठेव, हे मला छापखानेवाल्यानं नाही, भजेवालीनं सांगितलं.

तर वर्दी कारखाना रस्ता. आमच्या गावात बसमधून उतरून कोणत्याही ऑटोवाल्याला नुसतं 'वर्दी' म्हणा, तो आणून सोडतो. आज तिथं टायरचं दुकान आहे, मोबाइल दुरुस्तीचे खोके आहेत, आणि कारखान्याच्या जागेवर लग्नाचा हॉल उभा आहे. माझ्या वयाच्या पोरांना वाटतं, इथं कधीकाळी पोलीस राहत असतील म्हणून वर्दी. पोलिसांचा संबंध होता, पण शिलाईपुरता. इथं गणवेश शिवले जायचे. पोलिसांची खाकी, कंडक्टरांची खाकी, जंगलातल्या गार्डांची हिरवी, मंचेरियलकडच्या खाणीत उतरणाऱ्यांची निळी. शिवणाऱ्या जवळजवळ सगळ्या बाया. मराठी घरांतल्या, तेलुगू घरांतल्या, काही मुसलमान. जिल्ह्यातल्या पुष्कळ पुरुषांचा रुबाब या बायांच्या टाक्यांवर उभा होता.

गल्लीच्या उत्सव समितीनं गेल्या वर्षी ठरवलं, रस्त्याला चांगली पाटी लावायची आणि नावाखाली थोडा इतिहास द्यायचा. कल्पना चांगली होती, अजूनही मी तसंच म्हणेन. पाटी तेलुगूत आहे. मराठीत ती अशी होते: 'येथे गणवेश तयार करणारा मोठा कारखाना होता. कामगार महिलांच्या संपामुळे तो बंद पडला.'

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीला हार घालून झाला, नारळ फुटला. गिरिजाबाई सुनेबरोबर आल्या होत्या. त्यांना तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. सून तेलुगू शाळेत शिकलेली. तिनं हौसेनं मोठ्यानं वाचून दाखवलं. गिरिजाबाई म्हणाल्या, "पुन्ना वाच." तिनं पुन्हा वाचलं, या वेळी हळू. गिरिजाबाई बतुकम्मासाठी आणलेली फुलं न ठेवताच माघारी फिरल्या.

त्यानंतर आठवडी बाजाराच्या दिवशी त्या आमच्या ऑफिसात आल्या. ऑफिस म्हणजे बियाण्याच्या दुकानावरची खोली. जिना चढून दम लागलेला होता, तरी बसायच्या आधीच म्हणाल्या,

"पत्रकं लिहिते ते तूच का वं?"

"हो मावशी."

"मंग पुसता बी येते का तुले?"

"काय पुसायचं?"

"त्या पाटीवरचं. आमी संप नाई केला."

मी त्यांना पाणी दिलं. त्या एवढंच सांगायला आल्या होत्या आणि सांगून उठायला लागल्या होत्या. मीच बसवून घेतलं.

आता कारखान्याचं काम कसं चालायचं ते सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. तिथं एक बाई अख्खा सदरा कधीच शिवत नसे. कापडाचे थर टेबलावर लावून कापणारे वेगळे. मग मशिनींची रांग, तिला सगळे 'लाइन' म्हणत. कोणी फक्त बाही, कोणी फक्त खिसा, कोणी फक्त काजं. गिरिजाबाई कॉलर करायच्या. शेजारच्या मशीनवर सुमनबाई ती कॉलर सदऱ्याला जोडायच्या. एकीचा हात थांबला की पुढच्या सगळ्यांचा थांबतो. त्यामुळं लाइनीत एकटीनं काही करता येत नाही. काम करणंही नाही आणि न करणंही नाही. हे लक्षात ठेवा.

आणि नागपंचमी. या दिवशी आमच्याकडं चुलीवर तवा चढत नाही, भाजी चिरत नाहीत, शेतात कोळपणीचा डवरा चालत नाही. काही टोचायचं नाही, काही कापायचं नाही. मग सुई आणि कात्रीवर पोट असलेल्या बायांनी काय करायचं? कारखान्याच्या जुन्या सुपरवायझरनं त्याचा मार्ग काढला होता. त्या दिवशी बाया सुट्टी घेत नसत, कामावर येत. फक्त शिवत नसत. प्रत्येकीनं आपल्या मशीनची सुई काढून डबीत ठेवायची, मशीन उघडायची, आत साचलेला कापसाचा रोवा ब्रशनं काढायचा, पुसायची. मग मेकॅनिक येऊन तेल घालायचा. दुसऱ्या दिवशी लाइन लोण्यासारखी पळायची. सणही राखला जायचा आणि मशीनही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कोणी कुठं लिहून ठेवलं नव्हतं, कारण लिहिण्यासारखं त्यात कोणाला काही वाटलंच नाही.

त्या वर्षी जुना सुपरवायझर काम सोडून गेला होता. नवे मॅनेजर आले होते, आंध्रच्या समुद्रकिनाऱ्याकडचे. फाटकाशी ट्रक उभा होता, माल तातडीनं जायचा होता. साहेब लाइनीत आले तर सगळ्या मशिनी उघड्या आणि बाया ब्रश घेऊन बसलेल्या. लाइन सगळी मराठीच असं समजून त्यांनी हिंदीत विचारलं, हे काय चाललंय. गिरिजाबाईंना हिंदी थोडी जमायची, म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं. पुढचं त्यांच्याच तोंडून ऐका.

"म्या उभी राह्यली. म्हनलं, साहेब, आज सुई नई लगती. आज नाग का दिन है. कल डबल करके देते. तं तो हासला. म्हने, नाग का त्योहार दिवाली के बाद आता है, मेरे को मत सिखाओ. आता त्याले काय सांगू? म्या म्हनलं, तुमारा नाग बाद में आता होगा साहेब, हमारा आज आया."

"मग?"

"मंग मागून कोनीतरी हासलं. त्यानंच घात झाला पाय. मानूस नाई म्हनलेलं आयकून घेते, हासलेलं नाई आयकून घेत."

साहेब खोटं बोलत नव्हते. किनाऱ्याकडं नागाची पूजा खरंच दिवाळीनंतर, कार्तिकात असते. आमच्याकडं ती श्रावणात. त्यांच्या गावच्या पंचांगाप्रमाणं पाहिलं तर या बाया ट्रक उभा असताना सणाची थाप मारत होत्या. त्यांनी आत जाऊन मालकाला फोन लावला. बाया बसून आहेत, सुई लावायला तयार नाहीत, एवढंच सांगितलं असणार. अक्षरशः खरं होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाया ठरल्याप्रमाणं लवकर आल्या, डबल काम करून द्यायला. फाटकाला कुलूप, आणि दरवानानं फळ्याकडं बोट दाखवलं. खडूनं लिहिलं होतं: संपामुळे कारखाना बंद. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी ज्यांना येत नव्हतं त्यांना वाचून दाखवलं. पुढं ते कुलूप निघालं ते मशिनी ट्रकात भरण्यासाठीच.

मालकाला निमित्तच हवं होतं, मशिनी आधीच विकायला काढल्या होत्या, असं काही जण कुजबुजतात. हे छापायला मला फार आवडेल. पत्रकाला एक तरी दुष्ट माणूस लागतो, त्याशिवाय ते चालत नाही. पण माझ्याकडं पुरावा नाही. ऐकीव गोष्टीवर एक ओळ लिहिली की एखाद्या बाईचं काय होतं, ते मी समोर बसलेलं पाहत होते.

कारण खरं दुःख फाटकाशी नाही, त्यानंतर घरोघर झालं. संध्याकाळी प्रत्येक सासूनं, प्रत्येक नवऱ्यानं विचारलं, कारखाना कोणामुळं बंद पडला? सगळ्याच बायांनी सुया काढून ठेवल्या होत्या. पण 'मीही काढली होती' असं घरात सांगायचं म्हणजे आपल्या अंगावर ओढवून घ्यायचं. 'गिरिजा साहेबाले बोलली' असं सांगणं सोपं होतं. तेही खोटं नव्हतं. त्याच बोलल्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं म्हणून बोलल्या होत्या, एवढं फक्त गाळलं गेलं.

पुढच्या वर्षी नागपंचमीला गल्लीतल्या बाया दूध-लाह्या घेऊन वारुळाकडं निघाल्या तेव्हा गिरिजाबाई ताट घेऊन दारात उभ्या होत्या. हाक आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी त्या दारात उभ्या राहिल्या नाहीत. नवरा वारेपर्यंत रागाच्या भरात एकच टोमणा मारायचा, "कारखाना खाल्लेली बाई." त्यांनी लोकांच्या शेतात कापूस वेचला, घरी गोधड्या शिवल्या. शेजारच्या मशीनवरच्या सुमनबाई, ज्यांच्याशी दिवसभर खांद्याला खांदा लावून काम केलं, त्या रस्त्यात दिसल्या की पदर सारखा करत दुसरीकडं बघतात. आता तर पाटीच लागली. आतापर्यंत घराघरांतलं बोलणं होतं, ते आता गल्लीच्या तोंडाशी लोखंडी पत्र्यावर आहे.

मी हे सगळं आमच्या संघटनेच्या प्रकाशभाऊंना सांगितलं. ते आमच्यात सर्वांत ज्येष्ठ, अनेक मोर्च्यांत लाठ्या खाल्लेले, आणि मी त्यांना मानते. ते म्हणाले,

"अगं, संप म्हणण्यात कमीपणा काय आहे? उलट लिही. वर्दी कारखान्यातल्या बायांचा झुंजार संप! पाटीच्या शेजारी आपली पाटी लावू. गिरिजाबाईंचा सत्कार करू."

"भाऊ, संप झालाच नव्हता."

"तांत्रिकदृष्ट्या झाला नसेल. पण काम नाकारलं ना?"

गिरिजाबाई तिथंच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, म्या संप केला असता तं छाती ठोकून सांगतलं असतं. नाई केला तं काऊन सांगू? तुमाले झेंडा पायजे. मले माहं तोंड वर करून त्या रस्त्यानं जायचं हाय."

भाऊ म्हणाले, "बरं. मग तू तुझं लिही." हे त्यांच्याकडून पुष्कळ होतं.

आपलीच माणसं आपल्या सोयीचा इतिहास मागतात, तेव्हा मला मालकांपेक्षा जास्त राग येतो. मालकाकडून अपेक्षाच नसते.

मी समितीचे सचिव राजन्ना सरांकडं गेले. निवृत्त शिक्षक, सभ्य माणूस. शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "अम्मा, मी या गल्लीत आल्यापासून हेच ऐकत आलो. गल्लीत सगळे हेच सांगतात. एका बाईच्या शब्दावर मी पाटी कशी बदलू? लोक म्हणतील, ती स्वतःची बाजू मांडणारच."

"मग कोणाचा शब्द चालेल, सर?"

"आत काम केलेल्या बायांचा. त्यांनी समितीसमोर सांगावं. मी स्वतः ब्रश घेऊन ती ओळ खोडतो."

त्या काळची हजेरी कुठं आहे असं विचारू नका. मालकाबरोबर गेली. जिवंत माणसंच शोधायची होती. पहिले सापडले ते एजाजचाचा, तेल घालणारे मेकॅनिक. मशीन दुरुस्तीचं दुकान आता मुलगा चालवतो, चाचा खुर्चीवर बसून गिऱ्हाइकांशी भांडतात. मी विचारलं, त्या दिवशी तुम्ही होतात का?

"होता क्या? अम्मा, मेरे बिना वो दिन होताइच नहीं था. नागपंचमी का रास्ता पूरे गाँव में सबसे जास्ती मैंच देखता था. सब मशीनाँ एकीच दिन में खुले मिलते थे."

"आणि संप?"

"संप होता तो मेरे कू कायकू बुलाते? बायाँ अपनी अपनी जागा पे बैठे थे, सुइयाँ डब्बी में. मैं तेल डाल रा था. गिरिजाबाई की मशीन का नंबर आया और साहब आ गए. उनकी मशीन में तेल डालनाइच रह गया." मग ते मुलावर ओरडले, "पाना किधर रखा रे?"

चाचा समितीसमोर आले, हेच सगळं बोलले. राजन्ना सर म्हणाले, चाचा बाहेरून येणारे. आतल्या बाया कुठायत?

मग मी दारोदार फिरले. या कामात मला दारं बंद होण्याची सवय आहे. इथं दारं उघडी होती, तेच जास्त जड गेलं. एकीनं चहा दिला, पोहे दिले, नातवाच्या लग्नाचे फोटो दाखवले, आणि उत्तर दिलं नाही. एक बाई वांकिडीला मुलीकडं राहते, तिथवर गेले. ती म्हणाली, "जाऊ दे ना बाई. आता कोनाले काय फरक पडते?"

"गिरिजामावशींना पडतो."

"तिले सवय झाली आता."

असं ती सहज म्हणाली, शेंगा सोलता सोलता. वाईट बाई नव्हती. मला परत यायच्या बससाठी डबा बांधून दिला.

सुमनबाईंकडं मी सगळ्यांत शेवटी गेले. त्यांनी दारातूनच सांगितलं, घरात पाहुणे आहेत. पाहुणे नव्हते. पण यंदाच्या नागपंचमीनंतर थोड्या दिवसांनी त्या स्वतःच आमच्या खोलीचा जिना चढून आल्या. पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या,

"लिहून घे. सुया आमी समद्यायनंच काढल्या होत्या. माही तं गिरिजाच्या आंधी काढलेली होती. तिनं नंतर काढली. अन् साहेब आला तवा मागून हासली ते मीच."

मी लिहायचं थांबवलं. "हे तुम्ही समितीसमोर सांगाल?"

"तू सांग ना. मीच सांगून राह्यली तुले. फक्त नाव नको टाकू."

"नावाशिवाय उपयोग नाही, काकू. निनावी असेल तर तो आणखी एक ऐकीव किस्साच."

"माही सासू जिती हाय अजून," त्या म्हणाल्या. "तिले कानानं आयकू नाई येत, पन हे बरोब्बर आयकू येईल. ते म्हातारी गेली का मंग सांगतो मी. समद्यायसमोर सांगतो."

मला हसू आलं आणि मी ते आवरलं. "आणि गिरिजामावशी आधी गेल्या तर?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग खिडकीबाहेर. खाली बियाण्याच्या पोत्यांचा टेम्पो उतरवत होते. तिकडं बघतच त्यांनी विचारलं, "लई आजारी हाय का ते?"

"सरकारी दवाखान्यात नेलं होतं. आता घरी आहेत. जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय."

सुमनबाई उठल्या. चपला घातल्या. उतरताना कठड्याला धरून एकदा थांबल्या, मला वाटलं परत येतील. आल्या नाहीत. त्यांनी सांगितलेलं मी इथं छापते आहे, त्यांना विचारून, नावासकट. विचारायला गेले तेव्हा त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "दिवाळी अंक माही सासू वाचत नाई." मी त्याला होकार मानला आहे. चुकलं असेल तर त्यांनी येऊन मला शिव्या द्याव्यात, समितीसमोर दिल्या तर उत्तमच.

लोखंडी पत्र्यावरची एक ओळ, तिच्यासाठी एवढा आटापिटा का, असं मला विचारतात. उत्तर साधं आहे. गिरिजाबाई आता फार दिवस चालू शकणार नाहीत. त्यांना त्या रस्त्यानं एकदा जायचं आहे, आणि ती ओळ तिथं असेपर्यंत त्या जाणार नाहीत. पुसायचा अधिकार समितीकडं आहे. पुसण्याची ताकद मात्र समितीकडं नाही, ज्यांनी सुया काढल्या त्यांच्याकडं आहे.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी, मारुतीच्या देवळात समितीची बैठक आहे. वर्दी कारखान्यात काम केलेल्या बायांनो, तुम्ही बाही शिवत असाल, खिसा शिवत असाल, काजं करत असाल, आज इथं असा की राज्याच्या सीमेपलीकडं मुलीच्या घरी, या. तुमची आई, सासू, मावशी त्या लाइनीत होती असं तुम्हाला माहीत असेल, तर आज जेवायला बसाल तेव्हा तिला विचारा आणि त्या दिवशी तिला हाताला धरून घेऊन या. उभ्या राहा, आपलं नाव सांगा, आणि गिरिजाबाईंच्या तोंडाकडं पाहून एवढंच म्हणा: त्या दिवशी सुई मीही काढली होती.